सायपनच्या डोहातली लेकुरवाळी

"डोक्यात घाल. अर्धवट सोडू नको, सरपटत परत पाण्यात जातंय ते," मामा म्हणाले.

मी दांडकं घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्या मांगूर माशाचं चपटं डोकं दगडावर गप झालं. मिशा तरी हलत होत्याच.

"कितवा?"

"एक्केचाळिसावा."

"आन् काल?"

"काल बावन्न."

मामांनी पुढची दोरी हातात घेतली. गळाला कोंबडीचं आतडं गुंडाळलं, दोरी डोक्यावर दोनदा फिरवली आणि डोहात सोडली. माझ्या हाताला वास होता, साडीला वास होता, दुपारच्या भाकरीलाही तोच वास. आपलाच हात तोंडाजवळ न्यायची किळस येते, तेव्हा माणूस किती दमलेला असतो ते सांगून कळायचं नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, गेनू मल्लाव. भोईगल्लीतले सगळ्यात जुने. माझा नवरा पुण्यात वॉचमन, महिन्यातून एकदा यायचा. घरात मी आणि मामा. ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

कालव्याला सोडलेलं पाणी, म्हणजे उन्हाळी आवर्तन, बंद होऊन आठवडा झाला होता. कालवा वाळून तडकला होता. पाणी फक्त सायपनच्या तोंडाशी. आमच्या गावाबाहेर कालव्याला ओढा आडवा येतो, तिथं कालवा ओढ्याच्या पोटाखालून बोगद्यानं जातो आणि पलीकडं वर निघतो. त्याला सायपन म्हणतात. कालवा आटला तरी अलीकडच्या तोंडाला पुरुषभर पाणी राहतं. कालव्यातलं जे जे जगायला बघतं ते त्या डोहात गोळा होतं. त्या साली मांगूर गोळा झाले होते. काळे, बिनखवल्याचे, हातातून निसटणारे, काट्यानं हात फोडणारे. हा मासा आपल्याकडचा नाही. बाहेरून आणला, पाळायला सरकारची बंदी आहे, आणि तो जिथं शिरतो तिथं दुसरं काही जगू देत नाही.

मंगळवारी कालव्याचे शाखाधिकारी गोगावले साहेब जीप घेऊन आले होते. काठावर उभं राहून नाकाला रुमाल लावला.

"पुढचं आवर्तन सुटलं की हे पाणी गावाच्या पिण्याच्या तळ्यात जाणार. ही घाण त्यात गेली तर माझी नोकरी जाईल. शनिवारी टीसीएल टाकून डोह मारून टाकतो."

टीसीएल म्हणजे विहिरीत टाकतात ती पांढरी पावडर. मूठभर टाकली तर पाणी शुद्ध. पोत्यानं टाकली तर पाण्यातलं सगळं उताणं.

"साहेब," मामा म्हणाले, "ह्यात मरळ हाय. जोडी हाय. लेकुरवाळी हाय."

"मग?"

साहेबांनी खरंच विचारलं, मग? जन्मभर ज्यानं मासे धरले त्याला या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवायची कधी गरजच पडली नव्हती.

"मग येवढंच, की मला शनवारपातूर येळ द्या. मांगूर मी काढून देतो. एक ऱ्हाऊ देत न्हाई. मग पावडर कशाला पायजे?"

"एकटे काढणार?"

"सून हाय माझी."

साहेब माझ्याकडं बघून हसले. "बघा. पण शनिवारी एक जरी दिसला तरी पोती रिकामी करणार."

मरळ मी तुम्हाला कशी दाखवू? सापासारखं डोकं, अंगावर काळे पट्टे. तिची पिलं तांबडी असतात. मूठभर कुंकू पाण्यावर सांडावं आणि ते विरघळायचं सोडून एका जागी हलत राहावं, तसा तो गोळा. पिलं श्वास घ्यायला वर आली की भाताला कढ यावा तसे बारीक बुडबुडे उठतात. आणि त्यांच्या खाली, हातभर पाण्यात, आई आणि बाप. दोघंही. पिलं बोटाएवढी होईपर्यंत हलत नाहीत. आमच्यात लेकुरवाळ्या मरळीला गळ लावत नाहीत. घरात चूल पेटलेली नसली तरी लावत नाहीत.

नदीत मांगूर शिरल्यापासून तीन वर्षांत मामांना मरळ दिसली नव्हती. बाळंतिणीसाठी, ऑपरेशन झालेल्या माणसासाठी मरळ मागायला लोक मोटरसायकलीवरून यायचे. मामा दारातूनच हात हलवायचे. आणि आता ही एक जोडी, गावाच्या डोळ्यांदेखत, त्या घाणीत पिलं राखत बसलेली.

बुधवारी माझ्याच गळाला ती लागली.

दोरीला ओढ आली तेव्हाच हाताला कळलं की हा मांगूर नव्हे. मांगूर तळाला दाबून ओढतो, ही आडवी पळाली. वर काढली तर आई. जबड्यात गळ.

"मामा!"

मामा धावले. सत्तरीचा माणूस, दगडांवरून धावला. आधी दोन्ही हात पाण्यात बुडवले, मग तिला धरलं.

"कोरड्या हातानं धरायची न्हाई. अंगावरचं बुळबुळीत गेलं की मरती ती. किती डाव सांगितलं तुला, गळ तळाला सोड, मधे सोडू नको!"

"तळालाच सोडला होता."

"मग ती तळाला कशाला गेली असंल?"

दोघांनाही कळलं होतं. तळातून मांगूर वर पिलांवर येत होता आणि ती त्याच्यावर गेली होती. मामांनी गळ मोडून काढला, ओढून नाही. तिला पाण्यात धरून ठेवलं, कल्ले हलायला लागेपर्यंत. मग बोटं सैल केली. ती गेली. कुंकवाचा गोळा हलला, खाली सरकला, पुन्हा वर आला. सकाळी तो परातीएवढा होता. आता ताटलीएवढा दिसत होता.

"खातायत रं," मामा स्वतःशीच म्हणाले. "बसल्या जागी खातायत."

मग त्यांनी मुरलीनानाला एक शिवी घातली. जन्मात त्यांच्या तोंडून मी तेवढी एकच ऐकली.

मांगूर आले कुठून, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. कालव्याच्या कडेला मुरलीनानाची चार तळी होती. चारी तळ्यांत मांगूर. वर ताडपत्री, बाहेर "कृषी पर्यटन" अशी पाटी. तालुक्यातल्या कोंबडीच्या दुकानांची सगळी घाण टेंपोनं यायची आणि तळ्यात ओतली जायची. आतडी, पिसं, मेलेल्या कोंबड्या. मी तिथं रोजानं जायची. मामांना ते आवडत नव्हतं.

"भोयाची सून मांगुराला चारा घालती," ते म्हणायचे.

"नदीत काही उरलंय का धरायला?" मी म्हणायची. "त्यांनी खाल्लं सगळं, आता त्यांनाच चारते. पोट दुसरीकडं कुठं नेऊ?"

मी नेलेली भाकरी खायचे, पण नानाकडून फुकट आणलेलं तेल भाजीत घालू द्यायचे नाहीत. नाना तर मला बघितलं की रोज तोच विनोद करायचा, "नाव सुगंधा आन् वास काय गं हा!" आणि टेंपोवाले हसायचे. मीही हसायची. हसावं लागतं.

मग त्याच उन्हाळ्यात, कालवा वाहत असताना, वरून हुकूम आला आणि धाड पडली. तीन तळ्यांतले मासे जेसीबीनं खड्डा काढून पुरले. साहेब लोकांनी खड्ड्यापाशी उभं राहून फोटो काढले. चौथं तळं मात्र धाड यायच्या आधीच रिकामं झालेलं होतं. त्याचा पाइप कालव्यात निघायचा, पाण्याबरोबर मासेही गेले. नानानं पंचांना सांगितलं, "भोयांनी जाळं सोडलं पाइपाचं. मासे चोरायला. त्यांचा धंदाच हाय तो." ते पंचांना पटलं. गावालाही पटलं. असल्या गोष्टी पटायला आमची गल्ली फार सोयीची आहे. गावाच्या टोकाला, ओढ्याच्या बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

गुरुवारी त्रेसष्ट मांगूर काढले. माझी बोटं काट्यांनी सुजली होती. मामा मधेच डोळे मिटून बसायचे, दोरी मात्र हातात. संध्याकाळ व्हायच्या आत ते म्हणाले, "आता गप बस. श्वास मोजू."

दोन्ही मासे हवा घ्यायला वर येतात, मांगूरही आणि मरळही. मरळ येते ती पाण्याला नुसतं टेकून जाते, एक वर्तुळ उठतं. मांगूर येतो तो शेपूट आपटून. आम्ही दोघं काठावर तासभर न बोलता बसलो.

"चारपाच उरल्यात," मामा म्हणाले. "उद्या व्हईल."

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, होईल.

शुक्रवारी दुपारी मामांचा गळ तळाला अडकला. ते म्हणाले फांदी असेल. हळूहळू ओढला. वर आली ती फांदी नव्हती. चिखलात माखलेली जाळ्याची पिशवी होती, हातभर लांब, निळ्या नायलॉनची, तोंडाला ओवलेली दोरी.

मी जागची हलले नाही.

मामांनी ती पाण्यात खळबळून धुतली. मांडीवर पसरली. एका बोटानं एक एक गाठ चाचपत गेले. तोंडाजवळची दोरी हातात घेतली, ती कुठं तुटली आहे का बघितलं. तुटलेली नव्हती. दोरीवर जिथं गाठ बसलेली असते तिथं वळ्या होत्या, आणि दात लागल्यासारखे दोन चट्टे. मामा त्या चट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. पिशवीची घडी घातली, स्वतःच्या टोपीखाली ठेवली आणि म्हणाले, "आतडी संपली का बघ."

ती पिशवी मी विणली होती. नानाच्या चौथ्या तळ्याच्या पाइपाला. पाणी बदलताना मासे जाऊ नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाला ती बांधलेली असायची. विणीची गाठ मला मामांनीच शिकवली होती, तीन वेढे आणि उलटा फास. ती फक्त आमच्या घरात घालतात. गल्लीत दुसरं कुणी घालत नाही, कारण वेळ लागतो.

धाडीच्या दिवशी सकाळी दहाला नानाला कुणाचा तरी फोन आला. तो पळत तळ्यावर आला. मी एकटीच होते.

"पाइप उघड! चौथ्याचा! पंचनाम्यात जेवढे कमी घावतील तेवढं बरं. जाळं काढ!"

मी पाइपापाशी गुडघाभर चिखलात उतरले. गाठ पाण्यानं फुगून घट्ट झालेली. सुटेना.

"अगं काप की! कोयता हाय तिथं, काप!"

कोयता हाताशी होता. मी तो उचललाही. पण जाळ्यावर कोयता चालेना माझ्यानं. भोयाच्या घरात जाळं फाटतं, कुजतं, उंदीर खातात. कापत कुणी नाही. मेलेल्याचं जाळंसुद्धा सोडून घडी घालून ठेवतात. नाना वरून ओरडतोय, रस्त्यावर जीपचा आवाज येतोय, आणि मी दातांनी गाठ सोडत बसलेली. सुटली. पाण्यानं पिशवी माझ्या हातातून हिसकावली आणि मग ते सगळे काळे माझ्या पायांमधून गेले. शेकड्यांनी. माझ्या पोटऱ्यांना घासत. तो स्पर्श अजून जात नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या माणसांना पंचांनी बोलावून दम दिला तेव्हाही नाही. नाना म्हणाला, "भोयांनी सोडले," आणि मी त्या वेळी मान खाली घालून मनात म्हणत होते, खरंच आहे की.

शनिवारी उजाडायला आम्ही डोहावर होतो. दोन तास श्वास मोजले. मरळी दोन. पिलं मूठभर. आणि एक शेपटीचा आवाज, सायपनच्या तोंडाजवळ, जड.

"एकच," मामा म्हणाले. "म्हातारा हाय. गळ वळखतो."

आम्ही तीन वेळा आमिष बदललं. तो येईना. नऊ वाजता जीप आली. मागून नानाची पांढरी गाडी. जीपमधून दोन माणसांनी टीसीएलची चार पोती उतरवली.

"झालं का, मल्लाव?" साहेब म्हणाले.

"झालं म्हणा की. एकशे नव्वदाच्या वर काढले. कडंचा मेलेल्या मांगुरांचा खड्डा बघा."

साहेबांनी खड्ड्याकडं बघितलं, डोहाकडं बघितलं. आणि त्याच वेळी तो आला. काळा, माझ्या मांडीएवढा, सगळ्यांसमोर शेपूट आपटून खाली गेला.

"तो काय मग?"

"येक हाय साहेब. आजचा दिस द्या."

"एक म्हणजे एक. मी काय सांगितलं होतं?" त्यांनी माणसांना खूण केली. एकानं पोत्याची शिवण उसवली. वास आला, नाकात चुरचुरणारा.

तेव्हा नाना पुढं झाला. अगदी हळू, मायेनं बोलावं तसं.

"साहेब, म्हाताऱ्यानं कष्ट केल्यात. जाऊ द्या पावडर. फक्त तेवढा कागद व्हायला पायजे, म्हंजे तुमची फाइल पण मिटली, माझी पण." त्यानं खिशातून टाइप केलेला कागद काढला. तो आधीच तयार होता. "गेनूबा, ह्याच्यावर अंगठा द्या. मासे कालव्यात कसे गेले एवढंच लिवलंय. मग तुमची मरळ तुमच्याकडं."

साहेब ओढ्याकडं बघत उभे राहिले. जणू काही ऐकूच येत नव्हतं.

मामांनी कागद माझ्यापुढं धरला. "वाच."

मी चौथीपर्यंत शिकलेली. वाचलं. "मी, गेनू लहानू मल्लाव, लिहून देतो की, मासे धरण्याच्या उद्देशाने सदर तळ्याच्या पाइपाचे जाळे माझ्या हातून सुटले, व त्यामुळे..." मी कागद खाली केला. "साहेब, हे खोटं आहे. नानानंच..."

"सुगंधाबाई," नाना म्हणाला, "रोजानं कामाला कोण कोण हुतं, त्यांची नावं म्या अजून पंचनाम्यात घातली न्हाईत बरं का."

मी गप्प झाले. चौदा वर्षं झाली, मी त्या गप्प होण्याला अजून शिव्या देते. नानाला देते त्याच्या दुप्पट.

"एक शबुद बदला," मामा म्हणाले. "'माझ्या हातून' न्हाई. 'माझ्या घरच्या हातून' असं लिवा."

साहेब वळले. "घरच्या म्हणजे कुणाच्या?"

"घर माझं. अंगठा माझा. फुडं इचारू नका."

नानानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि हसू दाबलं. साहेबांनी पेनानं तो शब्द खोडून वर लिहिला. शाईचा डबा नव्हता, मामांनी अंगठा जीपच्या काळ्या ग्रीसमध्ये बुडवला आणि कागदावर दाबला. माणसांनी पोती परत जीपमध्ये टाकली. पाच मिनिटांत काठावर आम्ही दोघंच उरलो.

त्या कागदाचं पुढं काय झालं ते सांगते. मामांचा मासेमारीचा परवाना गेला. गल्लीतली माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली, कारण एकाच्या अंगठ्यानं सगळ्यांवर शिक्का बसला होता. मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. ते वारले तेव्हा खांदा द्यायला गल्लीतले दोघंच आले. नाना पुढं पंचायत समितीवर निवडून आला. मांगूर आज कालव्यात आहेत, नदीत आहेत, गावाच्या पिण्याच्या तळ्यातही आहेत. त्या मरळींचं काय झालं मला माहीत नाही. आवर्तन सुटलं आणि पाणी त्यांना घेऊन गेलं.

पण त्या सकाळी त्या तिथं होत्या. जीप गेल्यावर धूळ बसली. मामा दगडावर बसले, टोपी काढली आणि ती निळी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"मला कवा कळलं म्हणून इचारू नको," ते म्हणाले. "हातात आली तवाच कळलं."

"मामा..."

"कापली असतीस, तर मला कळलंच नसतं. चोराचं काम म्हनलो असतो."

"कशी कापणार, मामा?"

"तेच की."

डोहात भाताला कढ आल्यासारखे मूठभर बुडबुडे उठले आणि विरले. मामांनी ग्रीसचा अंगठा दगडाला पुसला. तो निघाला नाही. मग त्यांनी दोरी उचलली, गळाची धार नखावर घासून बघितली.

"उठ," ते म्हणाले. "अजून एक उरलाय."